केदारनाथ ते लेह : डाऊन जॅकेट घ्यावं का, आणि केवढ्याचं?

महाशिवरात्रीला उखीमठात केदारनाथाचं कपाट उघडण्याची तारीख जाहीर होते आणि इकडे धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंबकडे यात्रेच्या गाड्या ठरायला लागतात. गाडी ठरली की पुढचा प्रश्न जॅकेटचा. आपल्याकडे कडाक्याची थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास येतो. तेवढ्याला स्वेटर, मफलर आणि सोलापुरी चादर पुरते. उणे दहा अंशांत उभं राहणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या बहुतेकांनी अनुभवलेलं नसतं. मग दुकानदार जे जाड दाखवेल ते गरम समजून घेतलं जातं, किंवा मुलगा पुण्याहून ऑनलाइन काहीतरी मागवतो, आणि सात-आठ हजारांचं जॅकेट चार दिवस अंगावर राहून पुढे वर्षानुवर्षं कपाटात पडतं.

माझं मत आधीच सांगतो. मे-जूनमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये चारधामला जाणाऱ्यांनी डाऊन जॅकेट विकत घेऊ नये. त्यांच्या वाटेवर थंडीपेक्षा ओल जास्त घातक असते, आणि ओलं झालेलं डाऊन काही कामाचं राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत केदारकंठासारखा बर्फातला ट्रेक करणाऱ्यांना किंवा हिवाळ्यात लडाखला जाणाऱ्यांना मात्र डाऊनला तोड नाही; पण एकदाच जायचं असेल तर ते भाड्याने घ्यावं. विकत घ्यावं ते दरवर्षी हिमालयात जाणाऱ्याने, किंवा थंड मुलखात नोकरी-शिक्षणासाठी राहायला निघालेल्याने.

थंडी किती, आणि कसली

धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटरवर आहे, केदारनाथ 3,583 मीटरवर. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. म्हणजे नुसत्या उंचीचा हिशेब धरला तरी एकोणीस अंशांचा फरक पडतो. मे महिन्यात आपण चाळिशीच्या उन्हातून निघतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी रात्री शून्याजवळच्या थंडीत उभे असतो. अंगाला सवय व्हायला वेळच मिळत नाही.

त्यात वारा. उणे दहा तापमानात ताशी तीस किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे वीससारखी लागते. म्हणून जॅकेटच्या आत काय भरलंय याइतकंच बाहेरचं कापड वारा अडवतं का, हेही पाहावं लागतं. विणलेला स्वेटर कितीही जाड असला तरी वारा आरपार जातो. त्यावर साधा नायलॉनचा विंडचीटर चढवला की तोच स्वेटर ऊब देऊ लागतो.

आणि पाऊस. गौरीकुंडापासून केदारनाथपर्यंतची सोळा-अठरा किलोमीटरची चढण ऐन मे-जूनमध्येसुद्धा कधी पावसात, कधी गारांत, कधी नुसत्या धुक्यात चढावी लागते. बाहेरून पाऊस, आतून घाम. या वाटेवर माणूस गारठतो तो बहुधा अंगावरच्या ओल्या कपड्यांमुळे. आपल्या आज्या नेसत्या लुगड्यावर शाल घेऊन निघतात; शाल आणि लुगडं भिजलं की ते अंगाला चिकटतं आणि उरलीसुरली ऊब ओढून घेतं. त्यांच्यासाठी महागड्या जॅकेटआधी दोन गोष्टी घ्या : लुगड्याच्या आत घालायचा थर्मलचा जोड आणि गुडघ्याखाली येईल असा चांगला रेनकोट.

डाऊन म्हणजे काय

बदक आणि हंस यांच्या छाती-पोटावर, वरच्या पिसांच्या खाली जी मऊ लव असते, तिला डाऊन म्हणतात. हिला पिसासारखी दांडी नसते. एका बारीक गाठीतून चहूकडे तंतू फुटलेले असतात आणि त्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते. ऊब या अडकलेल्या हवेची असते. लव जितकी फुगेल तितकी हवा जास्त, आणि हवा जास्त तितकी शरीराची उष्णता बाहेर जायला वेळ जास्त. वजनाला अत्यंत हलकं, दाबलं तर मुठीएवढं, सोडलं की परत फुगणारं असं दुसरं काही अजून सापडलेलं नाही. 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या गिर्यारोहकाने फुग्याच्या कापडात आयडर बदकाची लव भरून स्वतःसाठी कोट शिवून घेतला होता. बाकीचे लोकरी आणि ट्वीडच्या कपड्यांत होते. आज त्या उंचीवर फिंचच्याच पद्धतीचे कपडे चालतात.

डाऊनचं दुखणं एकच : पाणी. भिजलं की लवेचे गोळे होतात, हवा निघून जाते आणि अंगावर नुसती दोन थरांची थंडगार पिशवी उरते. वाळायलाही वेळ फार लागतो. आपल्या धनगरांचं घोंगडं याच्या अगदी उलट. वजनाला जड, पण भिजलं तरी लोकर बऱ्यापैकी ऊब धरून ठेवते. पावसाळ्यात मेंढरांमागे रानात राहणाऱ्या माणसाने ते उगाच निवडलेलं नाही. आजकाल लवेवर पाणी न धरणारी प्रक्रिया केलेलं डाऊनही मिळतं. ते थोड्या दमटपणाला टिकतं, मुसळधार पावसाला नाही.

डाऊनऐवजी पॉलिस्टरचे बारीक तंतू भरलेली जॅकेटंही येतात. दुकानात त्यांना पफर, पॅडेड किंवा सिंथेटिक म्हणतात. तेवढ्याच उबेसाठी ती जास्त जड आणि जाड होतात, दाबून फार लहान होत नाहीत आणि चार-पाच वर्षांत बसतात. पण ओली झाली तरी थोडीफार ऊब देतात, घरी धुता येतात आणि किंमत निम्म्याने कमी. चारधामसाठी मी हीच सांगतो.

आणखी एक कारण आपल्या जिल्ह्यात महत्त्वाचं आहे. माळकरी घरं इथे गावोगाव आहेत, भूम तालुक्यात कुंथलगिरीसारखं जैनांचं सिद्धक्षेत्र आहे. पक्ष्याच्या अंगावरची लव अंगावर घालायची नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी दुकानात आधीच स्पष्ट विचारावं. लेबलवर 'डक डाऊन' किंवा 'गूज डाऊन' लिहिलेलं असतं. ज्यांची तत्त्वतः हरकत नाही, पण जिवंत पक्ष्याची पिसं उपटलेली नसावीत असं वाटतं, त्यांनी 'रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड' हे प्रमाणपत्र पाहावं. जिवंतपणी लव उपटणं आणि पक्ष्याला जबरदस्तीने चारणं या दोन्हीला त्यात मनाई आहे.

लेबलवरचे आकडे

इथेच सर्वात जास्त फसगत होते, म्हणून जरा सावकाश वाचा.

पहिला आकडा फिल पॉवर. 550, 650, 800 असा तो लिहिलेला असतो. ठराविक वजनाची लव किती जागा व्यापते, याचं ते मोजमाप. आकडा मोठा म्हणजे लव उंची दर्जाची. पण जॅकेट किती गरम आहे हे एकट्या या आकड्यावरून कळत नाही, कारण आत लव किती ग्रॅम भरली आहे हेही कळायला हवं. हा दुसरा आकडा, फिल वेट. बरेच विक्रेते पहिला आकडा ठळक छापतात आणि दुसरा छापतच नाहीत.

उदाहरण घ्या. एका जॅकेटमध्ये 800 फिल पॉवरची 60 ग्रॅम लव आहे, दुसऱ्यात 600 ची 150 ग्रॅम. दुकानदार पहिलं 'आठशेचं' म्हणून महाग विकेल. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करा : पहिल्याचा 48,000, दुसऱ्याचा 90,000. म्हणजे स्वस्तातलं 'सहाशेचं' जॅकेट जवळपास दुप्पट हवा धरतं. पहिलं हलकं आहे, पिशवीत कमी जागा घेतं, म्हणून महाग आहे; गरम आहे म्हणून नव्हे. ज्याला सगळं ओझं पाठीवर वाहायचं आहे त्याने हलकेपणाला पैसे द्यावेत. खेचरावर किंवा गाडीत सामान जाणार असेल तर कशाला द्यायचे?

माझा ढोबळ अंदाज, आत थर्मल आणि फ्लीस (मऊ, लवदार कापडाचं मधल्या थराचं जॅकेट) आहे आणि माणूस वाऱ्यापासून आडोशाला उभा आहे असं धरून : 650 च्या आसपासची 80 ते 120 ग्रॅम लव शून्य ते उणे पाचपर्यंत चालते, 150 ते 200 ग्रॅम उणे दहापर्यंत, आणि उणे वीसला उतरायचं तर अडीचशे-तीनशे ग्रॅम आणि टोपीसकट जॅकेट हवं. वयस्कर माणसांना, कृश प्रकृतीच्या लोकांना आणि ज्यांचे हातपाय लवकर गार पडतात त्यांना एक पायरी वरचं घ्यावं.

तिसरा आकडा 90/10 किंवा 80/20 असा. नव्वद टक्के लव, दहा टक्के बारीक पिसं. 80/20 सुद्धा चालेल. त्याखाली मात्र जाऊ नका. पिसं वाढली की वजन वाढतं, ऊब घटते आणि पिसांच्या टोकदार दांड्या कापडातून बाहेर येऊ लागतात.

काही जॅकेटवर 'उणे दहा अंश' असं थेट छापलेलं असतं. स्लीपिंग बॅगच्या तापमानासाठी आयएसओ 23537 हे मानक आहे. ट्रेकिंगच्या जॅकेटवरच्या आकड्यामागे असं सर्वमान्य मोजमाप रूढ नाही. तो त्या कंपनीचा स्वतःचा हिशेब असतो. एकाच कंपनीची दोन जॅकेटं पडताळायला तो उपयोगी पडतो, दोन वेगळ्या कंपन्यांची नाही.

हातात घेऊन पाहताना

जॅकेट घडी करून घट्ट दाबा, मिनिटभर तसंच धरा आणि सोडा. चांगलं डाऊन लगेच फुगायला लागतं. दाबलेलं तसंच पडून राहिलं तर लव जुनी आहे, दमट आहे किंवा ती लवच नाही. मग चिमटीत एक कप्पा धरून चोळा : डाऊन बोटांना जवळजवळ लागतच नाही, पिसांच्या दांड्या टोचतात, आणि पॉलिस्टर एकसंध चादरीसारखं सरकतं. आता जॅकेट उजेडासमोर धरा. टाक्यांच्या रेषेवर लव नसतेच, तिथून थोडा उजेड दिसेल; पण कप्प्याच्या मधोमध रिकामी जागा दिसली तर भरण कमी आहे. आरपार शिवलेल्या जॅकेटमध्ये प्रत्येक टाक्यातून थंडी शिरते. उणे दहापर्यंत ते निभावतं. त्याखाली कप्प्यांना उभ्या भिंती असलेली शिवण लागते आणि ती महाग असते.

चेन दोनदा वर-खाली करा, एकदा हातमोजे घालून. चेनच्या मागे कापडाची किंवा लव भरलेली उभी पट्टी आहे का बघा; नसेल तर छातीवर थंडीची सरळ रेघ उमटते. दोन्ही हात डोक्यावर न्या. कंबर उघडी पडली तर जॅकेट आखूड आहे. आणि मापाला जाताना अंगावर फ्लीस घालूनच जा. डाऊन सर्वात वर घालायचं असतं. घट्ट बसलं की लव दबते आणि ऊब जाते. एक माप मोठं घेणं बरं, दोन मापं नको, कारण मोकळ्या जागेत गार हवा फिरत राहते.

बाजारात नामांकित विदेशी कंपन्यांची नावं लावलेली नकली जॅकेटंही भरपूर आहेत. दीड हजारात '800 फिल गूज डाऊन' मिळत नाही, हे पक्कं धरून चाला. ते पॉलिस्टर असतं. पॉलिस्टर म्हणून पॉलिस्टरच्या भावात ते घ्यायला काही हरकत नाही. डाऊनचा भाव देऊ नका.

खर्चाचा हिशेब

पुढचे भाव साधारण आहेत, हंगाम आणि सवलतीप्रमाणे हलतात. थर्मलचा वर-खालचा जोड सहाशे ते दीड हजार. फ्लीस सातशे ते दोन हजार. पॅडेड सिंथेटिक जॅकेट दोन ते चार हजार. चांगला रेनकोट किंवा जॅकेट-पँटचा जोड एक ते अडीच हजार. कानटोपी, हातमोजे आणि लोकरी मोज्यांचे दोन जोड मिळून हजार-दीड हजार. म्हणजे चारधामची माणशी तयारी साधारण सव्वापाच ते साडेअकरा हजारांत पूर्ण होते. घरात स्वेटर, कानटोपी, रेनकोट असेल तर आणखी कमी.

डाऊनमध्ये हलकं जॅकेट साडेचार ते आठ हजार, उणे दहाच्या पुढचं जाड नऊ ते सोळा हजार, आणि नामांकित विदेशी कंपनीचं वीस हजारांपासून पुढे कितीही. एव्हरेस्टसारख्या मोहिमेवर लागणारे अंगभर डाऊन सूट तर लाखाच्या घरात जातात. 1998 मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्ट सर करणारे पहिले महाराष्ट्रीय ठरले, तेव्हापासून आपल्याकडे मोहिमा वाढल्या. पण ती खरेदी गिर्यारोहण संस्थेच्या सल्ल्यानेच होते, सामान्य ग्राहकाने त्या वाटेला जायचं कारण नाही. सीमेवर अतिउंच ठाण्यांवर असलेल्या जवानांनाही खास गरम कपडे लष्कराकडूनच मिळतात. घरच्यांनी काळजीपोटी महागडं जॅकेट धाडण्याआधी मुलाला एकदा फोनवर विचारावं.

कर माहीत असू द्या. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर 18 टक्के जीएसटी आहे. तो एमआरपीत धरलेलाच असतो. एमआरपीवर वेगळा कर लावून कोणी मागितला तर देऊ नका.

खरेदी कुठे करावी? धाराशिवच्या बाजारात थर्मल, फ्लीस, कानटोपी, पॅडेड जॅकेट मिळतं. सोलापूर-लातूरला निवड जास्त. ट्रेकिंगचं खरं डाऊन जॅकेट अंगात घालून बघायचं तर पुण्याची मोठी क्रीडासाहित्याची दुकानं बरी. मात्र फक्त जॅकेटसाठी पुण्याला खेप करू नका, जाण्यायेण्याचा खर्चही त्याच जॅकेटवर चढतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये हिवाळी माल सवलतीत निघतो. मेच्या यात्रेसाठी तीच खरेदीची योग्य वेळ.

आता भाडं. केदारकंठ्याच्या पायथ्याशी सांकरीत, मनालीत, लेहमध्ये आणि नेपाळला जाणाऱ्यांसाठी काठमांडूच्या थमेल भागात डाऊन जॅकेट भाड्याने मिळतात. दिवसाला साधारण शंभर ते अडीचशे रुपये आणि वर अनामत. सहा दिवसांच्या ट्रेकला फार तर दीड हजार. दोनशे रुपये रोज धरले तर सहा हजारांचं जॅकेट वसूल व्हायला तीस दिवस ते अंगावर राहायला हवं. इतके दिवस बर्फात घालवणारे आपल्यात कितीजण? भाड्याचं घेताना चेन तपासा, काख आणि कॉलरचा वास घ्या, दमट लागलं तर दुसरं मागा आणि आधीचे डाग-फाटे दुकानदारासमोर मोबाइलवर टिपून ठेवा, म्हणजे अनामत अडत नाही. आत घालायचे थर्मल आणि मोजे मात्र स्वतःचेच न्या.

वापर आणि जपणूक

चढताना डाऊन अंगावर ठेवू नका. घाम आतून लव भिजवतो. चालताना थर्मल आणि फ्लीस पुरे; थांबलात की अंग गार पडायच्या आत जॅकेट चढवा. शेकोटीपासून हातभर लांब बसा. एक ठिणगी उडाली तरी पातळ नायलॉनला भोक पडतं आणि लव बाहेर यायला लागते. भोकावर लगेच चिकटपट्टी लावली तर काम भागतं. शिवणीतून पीस डोकावलं तर बाहेर ओढू नका. आतल्या बाजूने चिमटीत धरून मागे घ्या, नाहीतर त्याच्यामागून चार येतात.

धुणं शक्य तितकं टाळा, मळलेली कॉलर तेवढी ओल्या फडक्याने पुसा. धुवायचंच झालं तर डाऊनसाठीचा खास साबण वापरा; साधी पावडर लवेतलं नैसर्गिक तेल काढते आणि फॅब्रिक कंडिशनर तंतू चिकटवतो. पिळू नका. सावलीत आडवं पसरून वाळवा आणि दर तासाला हाताने गोळे फोडत राहा. पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस लागतील. मग सैल पिशवीत किंवा हँगरला ठेवा. ट्रंकेत चादरींखाली दाबून ठेवलेलं डाऊन दोन वर्षांत बसतं. आपल्याकडची हवा कोरडी आहे, कोकणासारखी बुरशीची भीती कमी. तरी पावसाळा संपला की एक दिवस हवेशीर ठेवा.

फसवणूक झाली तर

पक्कं बिल घ्या आणि त्यावर 'जॅकेट' एवढंच न लिहिता 'डाऊन जॅकेट, 90/10, 650' असं लिहून मागा. लेबलवर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनलं, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा क्रमांक असायला हवा. ऑनलाइन मागवलं तर पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि परतीची मुदत संपायच्या आत वर सांगितलेल्या दाबण्याच्या, चोळण्याच्या आणि उजेडाच्या चाचण्या करा. लेबल तोडायचं नाही.

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं बिलावर छापलं म्हणून सदोष माल तुमच्या गळ्यात राहत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी दुकानदाराला लेखी कळवा, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. माल पुण्यातून, दिल्लीतून किंवा ऑनलाइन घेतलेला असला तरी या कायद्याने तुम्ही राहता तिथे, म्हणजे धाराशिवच्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क लागत नाही, वकील लावणं सक्तीचं नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. बिल मात्र तोवर जपून ठेवा.